आत गेलेल्याने बोलत राहायचं

आमच्या मॅडम घाबरट होत्या, आणि तसं त्या स्वतःच्या तोंडाने सांगायच्या. नव्या माणसाला लॅब दाखवताना लोक मशिनी दाखवतात. मॅडम आपल्याला कशाकशाची भीती वाटते ते दाखवायच्या. "या बोर्डाची मला धास्ती वाटते. त्या गॅसच्या नळीची वाटते. आणि आतल्या खोलीतल्या फ्रीझरची सगळ्यात जास्त." मग वळून विचारायच्या, "तुला नाही वाटत?" समोरच्याने ऐटीत नाही म्हटलं, की त्याला त्या खोलीत बरेच दिवस पाऊल टाकता यायचं नाही. त्यांचं नाव धास्ती मॅडम पडलं यात नवल नव्हतं. ते त्यांच्या कानावरही गेलं होतं. "बरोबरच आहे की," एवढंच म्हणाल्या आणि चहा प्यायल्या.

लॅब भिवंडीत, धामणकर नाक्यापासून थोडं आत होती. भिंतीपलीकडे लूमचा कारखाना. लूमवर राबणाऱ्या माणसांच्या फुप्फुसांचं काय होतं, याचा आमचे डॉक्टरसाहेब अभ्यास करत होते आणि त्यासाठी घेतलेलं रक्त वर्षानुवर्षं टिकवायचं होतं. रक्त देणारी कितीतरी माणसं पुढे आपापल्या गावी निघून गेली, काही वारली. त्यांच्याकडून दुसऱ्यांदा रक्त मिळणार नव्हतं. म्हणून तो उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर आणला. आम्ही त्याला 'मायनस एटी' म्हणायचो. घरच्या फ्रिजचा थोरला भाऊ असेल, अशी माझी समजूत होती. मी कामतघरच्या चाळीतून नुकतीच टेक्निशियन होऊन आले होते आणि मला सगळंच सोपं वाटायचं.

तो आला त्या दिवशी हमालांनी टेंपोतून उतरवताना त्याला चांगला आडवा केला. "उभा! अरे उभा धरा त्याला!" मॅडम अशा ओरडल्या की भिंतीपलीकडचे कारागीर बाहेर आले. तोवर डॉक्टरसाहेब हार, नारळ आणि पेढे घेऊन हजर. त्यांना लगेच बटण दाबायचं होतं. मॅडम मध्ये उभ्या राहिल्या.

"आडवा झालाय तो. आतलं तेल जागेवर बसू दे. आज नाही, उद्या."

"अहो मॅडम, मुहूर्त काढलाय."

"मुहूर्ताला मी हात जोडते, सर. बटणाला कुणी हात लावायचा नाही."

पेढे आम्ही बंद फ्रीझरसमोर उभं राहून खाल्ले. दुसऱ्या दिवशी मॅडमनी तो भिंतीपासून पुढे ओढून घेतला, मागून माणसाचा हात आरामात फिरला पाहिजे म्हणाल्या. त्याच्यासाठी बोर्डापासून वेगळी वायर टाकून घेतली. एक्स्टेंशनचं नाव काढलं की त्यांच्या कपाळावर आठी यायची. चालू केल्यावरही तो रिकामाच ठेवला. आकडा खाली उतरून तिथे ठाम राहिल्याशिवाय त्यांनी एक बाटली आत जाऊ दिली नाही. मला हा सगळा फुकटचा सोहळा वाटत होता. घरी जाऊन मी आईला त्यांची नक्कलही करून दाखवली.

नक्कल करायची माझी हौस त्यांची बोटं पाहिल्यावर जिरली. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गुळगुळीत होती, चकचकीत, ठसा नसलेली. आधीच्या नोकरीत घाईघाईत त्यांनी असल्याच फ्रीझरमधला धातूचा खण उघड्या हाताने ओढला होता. कातडी खणालाच राहिली. "चुलीचा चटका बसतो तेव्हा आपण हात मागे घेतो," त्या म्हणाल्या. "थंडीचा बसतो तेव्हा कळतच नाही. जे दुखत नाही, त्याची मला जास्त भीती आहे." त्यानंतर ते जाड निळे हातमोजे घालताना मी कधी कुरकुरले नाही.

पण खरी भीती त्यांना हवेची होती. वीज गेली की फ्रीझर थंड ठेवायला ड्राय आइस लागतो. तो वितळून पाणी होत नाही, त्याचा थेट वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. जड असतो, म्हणून जमिनीलगत साठत जातो आणि बंद खोलीत माणसाला गुपचूप आडवं करतो. तो बाहेर पडावा म्हणून त्या खोलीच्या दाराला खालच्या बाजूला मॅडमनी जाळी बसवून घेतली होती आणि मागे एक झरोका ठेवला होता. त्यावर पुन्हा त्यांचा नियम: आत गेलेल्याने बोलत राहायचं, बाहेरच्याने 'हं' म्हणायचं. काय बोलायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. मी डब्यात काय आणलंय ते सांगायचे, ते संपलं की पाढे म्हणायचे. डॉक्टरसाहेब क्रिकेटचे जुने सामने सांगायचे. बाहेर लूमचा खडखडाट, त्यामुळे ओरडावं लागायचं. पाहुण्यांना वाटायचं, आमचं भांडण लागलंय.

या नियमाचं सोनं केलं ते आपाने. आपा आमची सफाईवाली, निजामपुऱ्यात राहणारी, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलणारी. तिच्या सुनेच्या हातची चव तिला पसंत नव्हती आणि त्या खोलीतला प्रत्येक कोपरा पुसताना ती नापसंती बाहेर यायची. "मॅडम, सुनो तो, काल तिने डाळीत काय घातलं माहिताय?" बाहेर मॅडम दाराच्या मुठीवर हात ठेवून उभ्या. "हं. काय घातलं?" दाराच्या दोन बाजूंना उभं राहून त्या दोघींची अशी काही मैत्री झाली होती, की समोरासमोर चहा पिताना त्या फारशा बोलत नसत.

भिवंडीत राहणाऱ्याला कापसाचं तूस नवीन नाही. ते केसांत असतं, चहात असतं, कपाटात घड्या घातलेल्या साड्यांत असतं. आमच्या फ्रीझरच्या मागच्या जाळीवरही ते गोधडीसारखं बसायचं. जाळी बुजली की मशीन तापतं, आणि तापलेलं मशीन थंड ठेवणार काय? एकदा मॅडमनी ती जाळी पाहिली आणि आपावर चक्क ओरडल्या. "तूस आत येता कामा नये, आपा! माणसांचं रक्त आहे ते. पुन्हा कुठून आणू?" आपाने मान खाली घातली. मॅडम ओरडल्या याचं आम्हा सगळ्यांनाच वाईट वाटलं.

त्यानंतरच्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी एकाएकी शांत झालं. आमच्याकडे लाइट गेली हे बल्बकडे बघून कळत नाही, कानांना कळतं. सगळ्या गल्लीतले लूम एका दमात थांबले. कुठला तरी ट्रान्सफॉर्मर जळाला होता, आणि आमच्या जनरेटरने नेमका तोच दिवस रुसायला निवडला. मॅडमनी फोन करून ड्राय आइस मागवला. थर्माकोलची खोकी आली. आम्ही हातमोजे चढवले, पाढे म्हणत म्हणत फ्रीझरच्या खणांत तुकडे भरले. उरलेली खोकी खरं तर बाहेरच्या व्हरांड्यात जायची, पण तिथे रणरणतं ऊन होतं.

"राहू देत थोडा वेळ आत," मॅडम म्हणाल्या. "दाराला खाली जाळी आहे, मागे झरोका आहे."

त्यांनी तिकडे पाहिलंही. पण जाळीसमोर खोकं होतं आणि मॅडम वाकल्या नाहीत.

फ्रीझर उघडा राहिल्याने आत साचलेल्या साध्या बर्फाचा भुगा फरशीवर पडून पाणी झालं होतं. आपा फडकं घेऊन आत गेली. दार तिच्यामागे आपोआप लागलं. लूम बंद होते, म्हणून तिचा आवाज त्या दिवशी अगदी स्वच्छ ऐकू येत होता. "सुनो मॅडम, आज सूनने सालन केलं. मैं बोली, इसमें नमक..."

"हं," मॅडम म्हणाल्या.

"...नमक..."

"हं. मग?"

आतून काही आलं नाही.

इतकी शांतता मी भिवंडीत कधी ऐकली नाही. नाक्यावरच्या रिक्षांचे भोंगेसुद्धा कुठे गेले होते कोण जाणे. "आपा?" मॅडमनी हाक मारली. "आपा, आवाज द्या!" मी आत धावणार तोच मॅडमनी माझं मनगट पकडलं. त्यांची नखं रुतली. मी हिसडा दिला, त्यांनी सोडलं नाही. त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला. ही बाई इथेही घाबरते, असंच माझ्या मनात आलं.

"तू आत गेलीस तर मला दोघींना ओढावं लागेल," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता. "आधी दार. पूर्ण उघड. श्वास धरून."

दार जड लागत होतं. कशात तरी अडकलं होतं. दोघींनी मिळून खेचलं तेव्हा फाटल्यासारखा आवाज झाला आणि ते उघडलं. आपा उंबऱ्याशीच पालथी पडली होती, फडकं हातात तसंच. मॅडमनी तोंड बाहेर वळवून छातीभर श्वास घेतला, वाकल्या, आपाचा घोटा धरला. दुसरा मी धरला. उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता आम्ही तिला ओढून काढलं, पॅसेजमधून थेट व्हरांड्यात, उन्हात.

आपाचे ओठ काळपट पडले होते. मॅडम तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या, तिचे गाल थोपटत राहिल्या. "आपा, बोला. सालनात काय झालं? मीठ जास्त झालं का? बोला की हो." त्यांचे डोळे वाहत होते आणि त्या सालनाबद्दलच विचारत होत्या. मला रडायलाही सुचत नव्हतं. मग आपाच्या छातीतून घरघर आली, ती खोकली, आणि डोळे न उघडता पुटपुटली, "कम था... नमक कम था."

"हं," मॅडम म्हणाल्या, आणि हुंदका आला त्यांना.

आपाला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत ती उठून बसली, सून डबा घेऊन आली आणि आपाने तो न बोलता खाल्ला. मी लॅबवर परतले तेव्हा लूम पुन्हा सुरू झाले होते. मॅडम त्या उघड्या दारापाशी फरशीवर बसून दाराखालच्या फटीतून आणि जाळीतून चिंध्या ओढून काढत होत्या. लूमवरच्या कापडाच्या काठांच्या रंगीत चिंध्या, घट्ट पीळ देऊन ठासलेल्या. झरोक्यातही तेच. इथे प्रत्येक घरात तूस अडवायला असंच करतात, दाराखाली, खिडकीत. माझी आई अजून करते. आपाने सकाळीच ते करून ठेवलं होतं, मॅडमनी पुन्हा ओरडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आपाने स्वतःच सांगितलं. "तूस येत होतं ना मॅडम. तुम्ही रागावला होता."

मॅडमनी तिचा हात हातात घेतला. "तुम्हाला मी तुसाची भीती घातली, आपा," त्या म्हणाल्या. "दाराची ती जाळी कशासाठी आहे, ते सांगायचं राहिलं. आणि मी वाकून बघितलं नाही."

आपाने त्यांना केव्हाच माफ केलं, किंबहुना माफ करण्यासारखं काही आहे हेच तिला पटेना. मॅडमनी स्वतःला केलं नाही. पुढे दार जाळीचं करून घेतलं, चिंधी ठासायला जागाच उरू दिली नाही. प्रत्येक नियमामागची भीती त्या आता सगळ्यांना सांगायच्या, आपाला सगळ्यांत आधी. पण त्यांचं हसणं कमी झालं. खोलीत कुणी गेलं की त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. दिवसातून कितीदा तरी त्या त्या दारासमोर वाकून खाली बघायच्या, गुडघे दुखत असले तरी. निवृत्त होऊन रोह्याला बहिणीकडे गेल्या तेव्हा निरोपाच्या भाषणात एवढंच म्हणाल्या, "घाबरत जा. आणि कशाला घाबरायचं ते एकमेकांना सांगत जा."

रोह्याहून त्यांचा फोन यायचा. तब्येतीची चौकशी राहायची बाजूला, आधी प्रश्न: "आत कोण आहे?" कुणी नाही म्हटलं की मग पुढचं बोलणं. एका दुपारी त्यांच्या बहिणीचा फोन आला. झोपेतच गेल्या होत्या. आवाज दिला, उत्तर आलं नाही, असं बहीण म्हणाली. मी फोन हातात धरून उभी राहिले. मला वाटत होतं, कुणीतरी दाराशी असायला हवं होतं.

आपाला सांगितलं तेव्हा ती उठली. बादली उचलली, फडकं घेतलं आणि खोलीत गेली. मी दाराशी गेले, मुठीवर हात ठेवला. पलीकडे लूम धडधडत होते. जाळीतून आपाची पाठ दिसत होती, फरशीवर वाकलेली. ती पुसत होती, पण तोंड बंद. "आपा, बोला!" मी ओरडले.

आतून आवाज आला. मोठा, लूमच्या वरचा. "मॅडम, सुनो तो. आज सूनने खीर केली. तुमच्या नावाची."

ती माझ्याशी बोलत नव्हती. ती पुन्हा म्हणाली, "सुन रहे हो ना, मॅडम?" आणि थांबली. उत्तराची वाट पाहत राहिली, तशीच वाकलेली, त्या जमिनीलगतच्या हवेत.

"हं," मी म्हटलं. "मग?"