पडद्यामागची कवायत

आमचे कवायतमास्तर चालताना आधी चवडा टेकवत आणि मग टाच. रविवार कारंज्यावरून हातात मेथीची जुडी घेऊन आले, तरी राणीसाहेब दरबारात शिरताहेत असं वाटे. एका नाटक कंपनीत त्यांनी वर्षानुवर्षं नायिका रंगवल्या होत्या. बोलपट आले, कंपनी मोडली आणि नायिकेवर मिशी राखून नाशकात पोट भरायची पाळी आली. ही हकीकत अर्थात त्यांनी गावात कुणाला सांगितली नव्हती.

त्यांनी लहान मुलांसाठी नाचाचा वर्ग काढला. नाच म्हटलं असतं तर एक पोर मिळालं नसतं. आमचं पुण्यक्षेत्र, इथं कसलंही पाप गोदावरीत धुऊन निघतं, पण मुलगी नाचली तर तेवढं पाणी पुरत नाही. म्हणून पाटीवर लिहिलं, 'बालकांसाठी तालबद्ध कवायत'. आमचे अण्णा पाटी वाचून खूष झाले आणि धाकट्या चिमीला व मला तिथं घातलं. मला, कारण मी सपाट रस्त्यावरही अडखळत असे. हा गुण मी आजवर जपला आहे.

अण्णांची अट एकच. "मास्तर, मुलींच्या पायांत चाळ दिसता कामा नयेत."

"छे छे, अण्णासाहेब. कवायतीला घुंगरं कशाला?"

मास्तर ते चाळ स्वतःच्या पायांत बांधून पडद्यामागे जात आणि तिथून आमच्या पावलांना आवाज पुरवत. छुमछुम येते कुठून, हे न विचारण्याइतके आमचे पालक सुसंस्कृत होते.

मास्तरांनी कधी हात उगारला नाही. जिभेनं भागत असे. "राजे," मला म्हणत, "आपण गोपींत शिरलात की पोळा सुरू होतो."

गणेशोत्सवात आमचा कार्यक्रम ठरला. "लोकांनी नावं ठेवली नाहीत तर वर्ग टिकेल," मास्तर म्हणाले. "नाहीतर मनमाडला भावाच्या दारात जाऊन बसायचं." मला कृष्ण केलं, कारण कृष्णानं मधोमध नुसतं उभं राहायचं होतं. गोपी रंगात आल्या, तसं मलाही स्फुरण चढलं. मी गिरकी घेतली, पीतांबरात पाय अडकला, आधाराला मागचा पडदा धरला आणि त्याच्यासकट खाली आलो.

मागे मास्तर. धोतराचा काचा मारलेला, डोळे मिटलेले, आणि सगळ्या गोपींचा नाच एकटेच नाचत होते. पडदा गेल्याचं त्यांना कळलंच नाही. खऱ्या गोपी तोंडं उघडी टाकून बघत राहिल्या. मग पहिल्या रांगेतून "वन्स मोअर" आलं. आवाज अण्णांचा होता.

मास्तरांनी डोळे उघडले, लोकांकडे पाहिलं, पडद्यात गुंडाळलेल्या माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा पहिल्यापासून नाचले.

दुसऱ्या दिवशी आमची नावं सर्वांआधी अण्णांनीच काढली. "माणूस नाचतो अप्रतिम," ते इतर पालकांना समजावत होते. "म्हणूनच मुलांना तिथं ठेवणं बरं नाही." एवढा स्वच्छ विचार सगळ्यांना लगेच पटला. आठवड्यात पाटी उतरली.

मास्तर निघाले तेव्हा आम्ही दोघं टांग्यापाशी गेलो. मी रडवेला होऊन काहीतरी पुटपुटलो. त्यांनी मला टपली मारली. "राजे, कंपनी मोडल्यापासून मला पडद्यापुढं कुणी आणलं नव्हतं."

मग चिमीचं मनगट धरून त्यांनी तिची बोटं एकेक करून वळवली, मान तिरकी करून पाहिलं, पुन्हा वळवली.

"मास्तर, गाडी चुकंल," टांगेवाला म्हणाला.

"थांब रे जरा. हिचा हात अजून बसला नाही."