चढता कोमल नी

गिटार वाजवून पोट भरत नाही, असं वडील म्हणायचे. म्हणून मी त्यांना चोरून मनमाडला एका निवृत्त रेल्वे गार्डसाहेबांकडे शिकायला जायचो. अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीचा सुमार असेल. ब्लूज आणि रॉकमध्ये चालणारा एक स्केल साहेबांनी दाखवला, मिक्सोलिडियन. मी मनात म्हटलं, हात्तिच्या, हा तर आपला खमाज! आईनेच तो मला लहानपणी पेटीवर शिकवला होता. मोठा फरक एकच. खमाजात चढताना शुद्ध नी लागतो, उतरताना कोमल. साहेबांच्या स्केलमध्ये चढतानाही कोमलच. माझी बोटं हट्टी, सवयीने शुद्धवरच जायची.

त्याच वर्षी आईला अर्धांगवायू झाला. गंगापूर रोडच्या आमच्या दोन खोल्यांत दिवसभर बोलणारी बाई एकदम मुकी झाली. वाचा परत येईल की नाही, डॉक्टर काही सांगेनात. वडील कचेरीतून आले की नुसते तिच्या तोंडाकडे बघत बसायचे.

एका दुपारी तिच्या खाटेशेजारी बसून मी सूर चढवत गेलो, आणि एकदाचा कोमल नी लागला. तिथे थांबलो. खोलीत दुसराच आवाज आला. शुद्ध नी, मग सा. आईचे ओठ मिटलेले होते, डोळे छताकडे. आवाज जाड, रिकाम्या हंड्यात घुमल्यासारखा. तो तिचा वाटेचना. शुद्ध नी वाजवून पाहिला, तर ती गप्प. चढता कोमल वाजवला की पुन्हा तेच.

वडिलांना सांगितलं. गिटारीवर खार खाणारा माणूस स्टूल ओढून समोर बसला. "वाजव रे."

मग रोज संध्याकाळी तेच. मी कोमलवर थांबायचो, ती कुठूनतरी वरचा सूर ओढून आणायची, वडिलांचे डोळे भरून यायचे. मला मात्र भीती वाटायची. तिचा धड असलेला डावा हात तेवढ्यापुरता चादर मुठीत आवळायचा.

"त्रास होतोय तिला," मी एकदा म्हणालो.

"आवाज येतोय ना? मग झालं तर!"

एके दिवशी मी कोमलवर थांबलो, पण सूर आलाच नाही. आईने सावकाश मान माझ्याकडे वळवली आणि स्पष्ट म्हणाली, "नको."

वडील ताडकन उभे राहिले. "बोलली! अरे, बोलली ती! वाजव, परत वाजव!"

मी परत वाजवलं.