कोपऱ्यातलं डबल पॅड

आलेलं गिऱ्हाईक परतवण्यात आमच्या कार्पेटवाल्या काकांचा हात धरणारा माणूस अख्ख्या कॅलिफोर्नियात नव्हता. दुकान त्यांचं, भाडं त्यांनीच भरायचं, आणि तरी दारातून कोणी आत आलं की "या, बसा"च्या आधी हे ऐकवणार, "नव्या कार्पेटवर रिसायकलिंगची फी लागते हं. बिलात वेगळी ओळ येते, मागाहून तोंड वाकडं करू नका." फी ती केवढी? घरभर कार्पेटच्या किमतीपुढे चहापाण्याइतकी. पण आपल्या माणसाला किंमत चालते, फी चालत नाही. "काका, तेवढी काढून टाका ना," असं पुण्या-नागपूरचा प्रत्येक इंजिनिअर म्हणायचा. काका म्हणायचे, "कार्पेट स्वस्त लावतो. फीला हात लावणार नाही, ती माझी नाहीच. तुमचं जुनं कार्पेट कचऱ्याच्या खड्ड्यात, डम्पमध्ये, गाडलं जाऊ नये म्हणून आहे ती." गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि पलीकडच्या मोठ्या स्टोअरमधून जमिनीवर बसवायच्या लाकडी फळ्या घ्यायचं. फळ्यांना ही फी नव्हती ना! काकू कळवळून म्हणायच्या, "अहो, निदान शेवटी तरी सांगा." "शेवटी सांगितलं की फसवल्यासारखं होतं," हे काकांचं ठरलेलं उत्तर.

त्यातूनही कोणी टिकलंच, तर त्याला मागच्या खोलीत नेऊन, बूट काढायला लावून, जुन्या कार्पेटपासून बनवलेल्या, नव्या कार्पेटखाली घालायच्या मऊ पॅडवर डोळे मिटून उभं करायचे. "डोक्याला काय विचारता? पायाला विचारा!" माझा नवरा असा दहा मिनिटं उभा होता. मध्येच त्याला ऑफिसचा फोन आला, तर काका म्हणाले, "थांबा हो, पाय बोलतायत." मग आमच्याकडे माप घ्यायला आले, ते टेप बाजूला टाकून आमच्या सईच्या मागे चक्क रांगत हिंडले. सई तेव्हा नुकती उभी राहायला लागली होती. "काका, हे काय चाललंय?" मी विचारलं. "ही कुठे पडते ते बघतोय," म्हणाले. मी हसले. वल्ली माणूस, दुसरं काय!

गेल्या वर्षी आम्हीही कार्पेट काढायचं ठरवलं. सई आता हायस्कूलला. नवरा म्हणाला, "फळ्यांवर फी नाही यार, कशाला उगीच?" फीचं निमित्त होतं, मलाही फळ्याच हव्या होत्या. काकांना तोंड कसं दाखवायचं म्हणून गुपचूप मोठ्या स्टोअरमधून मागवल्या. कामगारांनी जुनं कार्पेट उचललं आणि विचारलं, कुठे टाकायचं. मी वरच्या खोलीत ऑनलाइन मीटिंगमध्ये होते. "डम्पला," म्हणाले, मान वर न करता. मीटिंग संपवून खाली आले तेव्हा ट्रक गेला होता. खिडकीजवळच्या कोपऱ्यात तेवढं पॅड राहिलं होतं, एकावर एक दोन थर. वरच्या थरावर मार्करने लिहिलेलं, "सई इथे पडते. डबल." हे ना बिलात होतं, ना काका कधी बोलले होते.

मी तो तुकडा कापून पर्समध्ये घातला आणि तशीच दुकानात गेले. काका नमुने खोक्यात भरत होते. दुकान कायमचं बंद करून लांब अर्विंगला मुलाकडे राहायला निघाले होते. माझ्या कपड्यांवरची धूळ बघून म्हणाले, "फळ्या घेतल्यास ना? बरं केलंस, झाडायला सोप्या." रागावले असते तर परवडलं असतं. मग हळूच विचारलं, "जुनं कार्पेट कुठे दिलंस गं?"

"रिसायकलिंगला," मी म्हणाले.

काकांचा चेहरा असा उजळला! "ऐकलंस का गं," त्यांनी आतल्या खोलीतल्या काकूंना हाक मारली, "एवढ्या वर्षांत एकीने तरी ऐकलं माझं!" पर्समधला तुकडा मला बाहेर काढता आला नाही.

या हिवाळ्यात काका गेले. काकूंचा फोन आला होता. "येईल-जाईल त्याला तुझंच सांगायचे," म्हणाल्या, "सईच्या आईने कार्पेट अगदी नीट पोचवलं म्हणून." तुकडा माझ्या कपाटात आहे. कधीतरी काढते, जमिनीवर ठेवते, चपला बाजूला काढते. त्यावर पाय ठेवायचा धीर मात्र अजून झालेला नाही.