जळालेल्या दाराचा फोटो

निकालानंतर कोर्टाबाहेरच्या बाकावर नसरीन जळालेल्या दाराचा फोटो ओढणीने पुसत बसली होती. घर पेटवलं गेल्याचा पुरावा नाही, म्हणून या देशाने तिला आसरा नाकारला होता. मग तिच्या बहिणीने जीव मुठीत धरून मायदेशातल्या त्या घरापाशी जाऊन हा फोटो काढला. कोर्ट म्हणालं, आधीचा निर्णय नियमाने झाला का एवढंच आम्ही बघतो, नवा पुरावा नाही. आता तिला परत पाठवतील.

तिच्या वकिलाची मदतनीस म्हणून तिचे सगळे कागद मीच क्रमाने लावून दिले होते. जो पुरावा मागतो त्याला तो बघायचाही असतो, असं मी धरूनच चालले होते.

"दीदी, बहिणीला काय सांगू?"

"फोटो पोचला म्हणून सांग."

"ती विचारेल, कोणी पाहिला का."