बोटभर आखूड स्क्रू-ड्रायव्हर

बाळाराम गेल्याचं मला कोपरच्या बाजारात मासळी घेताना कळलं. बोंबील मोजता मोजता कोळीण म्हणाली, "दादा, तुमचा बाळाराम गेला ना? दहावं पण झालं की." मला कोणी कळवलं नव्हतं... आणि कळवायला मी त्याचा होतो कोण? बोंबील तिथेच राहिले. शाळा मी चौथीत सोडली, लिहायची सवय नाही. शुद्धलेखन नातीने बघितलंय. मजकुराला मात्र मी हात लावू दिला नाही.

ऐंशीच्या दशकात ठाकुर्लीला माझी पत्र्याची शेड होती. पाण्याचे पंप दुरुस्त करायचो. बाळाराम खाडीकाठचा कोळी, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, बोटीच्या इंजिनांवर हात बसलेला, माझ्या शेडमध्ये कामाला आला. पुढे झाडं कापणारे लोक त्यांच्या चेनसॉ आणायला लागले. त्या करवतीच्या इंजिनाचं पोट, म्हणजे क्रँककेस, दोन अर्ध्या भागांचं असतं. बोल्ट काढले तरी आतल्या घट्ट बेअरिंगमुळे ते एकमेकांना सोडत नाहीत. ते उघडायचं कंपनीचं हत्यार आम्ही कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. बाळारामने भंगारातल्या जाड पट्टीला तीन भोकं पाडली. दोन बोल्टांनी ती केसला बांधायची, मधला आवळत गेलं की तो क्रँकला, म्हणजे आतल्या फिरत्या दांड्याला, हळूहळू ढकलतो आणि केस सुटते. ठोकाठोक नाही, काही नाही. जोडताना तर आणखी मजा. मासळीबाजारातला बर्फ आणायचा, क्रँक पिशवीत बांधून त्यात पुरायचा म्हणजे तो आकसतो. इकडे केस भाकरीच्या तव्यावर तापवायची. पाण्याचा थेंब चुरचुरला की क्रँक अलगद आत. शेडभर पेट्रोलचा आणि बांगड्याचा वास. माझी बायको ओरडायची, "भावजी, तवा द्या माझा, नाहीतर आज इंजिनच जेवा!" तो म्हणायचा, "वैनी, याला मीठ कमी हाय."

एकच गोष्ट तो पुन्हा पुन्हा सांगायचा. "फटीला लोखंड लावायचं नाय, दादा. ॲल्युमिनियम मऊ असतं. ओरखडा पडला का तिथून हवा खेचतं, आन् मशीन जळून मरतं." मला हे कळत नव्हतं असं नाही. पण शेड माझी, वय माझं, आणि लोक दारात येऊन विचारायचे, "कोळी आहे का?" ते मला टोचायचं. आज लिहितोय म्हणून लिहितो, फार टोचायचं.

नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी एका कंत्राटदाराचा माणूस करवत ठेवून गेला. बाळाराम म्हणाला, "उद्या दर्याला नारळ. परवा येताना बर्फ आणतो, मग उघडू. तू हात नको लावू." हात नको लावू! माझ्या शेडमध्ये, मला! दुसऱ्या दिवशी तो तिकडे नारळ वाहत होता तेव्हा मी करवत उघडायला घेतली. पट्टी समोर खिळ्याला टांगलेली होती. ती काढली नाही. त्याच्या पट्टीवाचून माझं अडत नाही, हे मला दाखवायचं होतं... कोणाला, देव जाणे, शेडमध्ये मी एकटाच होतो. फटीत स्क्रू-ड्रायव्हर घातला आणि वरून हातोडी. केस उघडली. कडेला नखाएवढा खड्डा पडलेला, आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाचा एक कोपरा उडालेला. खड्ड्यात सांधे बुजवायचा गॅस्केटचा मसाला भरला आणि जोडून टाकली. बाळाराम बर्फ घेऊन आला तर मी म्हणालो, "तुझ्याच पट्टीने उघडली रे. झालं काम." त्याने बर्फ मोरीत ओतला.

महिन्याभरात कंत्राटदार जळालेलं इंजिन घेऊन आला. दुसऱ्या कोणी उघडून त्याला तो खड्डा दाखवलेला. "कोणाचं काम हे?" बाळारामने केस हातात घेतली, खड्ड्यावरून अंगठा फिरवला, फळीवरच्या स्क्रू-ड्रायव्हरकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाला, "माझा हात घसरला, शेठ." कंत्राटदार चवताळला. "कोळ्या, मासे काप! मशीनला कशाला हात लावतोस?" मी तिथेच उभा होतो, फडक्याने हात पुसत. हात स्वच्छ होते, तरी पुसत होतो. तो गेल्यावर बाळारामने तो स्क्रू-ड्रायव्हर उचलला, ग्राइंडरवर धरला, तुटका कोपरा जाईपर्यंत घासून टोक सरळ केलं आणि जागेवर ठेवला. "टोक गेलेलं," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "चहा सांगू?"

ती गोष्ट झाडं कापणाऱ्यांत पसरली. लोक शेडवर येऊन सांगायचे, "दादा, तुम्हीच उघडा, कोळ्याकडे देऊ नका." मी मान डोलवायचो. वर्षभरात तो रेतीच्या होडीवर पंप चालवायला गेला. पट्टी खिळ्यालाच ठेवून गेला. मी ती पुढं नव्वदची सगळी वर्षं वापरली, आणि कोणी "काय डोकं लावलंय" म्हणालं तर गप्प बसलो. बाजारात तो भेटायचा, "काय दादा, बरं हाय ना?" विचारायचा. दरवेळी तोंडाशी यायचं. दरवेळी मी भाव विचारून निघायचो.

परवा त्याच्या घरी गेलेलो. त्याच्या बायकोने ओळखलं, पाणी दिलं. म्हणाली, "सगल्यांना सांगायचं ते, मशीनचं काम मला दादानी हाताला धरून शिकवलं." मी पाणी प्यालो आणि उठलो. हे छापून येण्याआधी तिला वाचून दाखवावं म्हणून दोनदा रिक्षात बसलो, दोनदा उतरलो.

शेड कधीच गेली. हत्यारं घरात फळीवर आहेत. एका सेटमधले चार स्क्रू-ड्रायव्हर, त्यातला तिसरा बोटभर आखूड. नळाचा वॉशर असो, नातीची सायकल असो, न बघता हात घातला तरी तोच हातात येतो. टोक अजून सरळ आहे.