धुऊन गेलेलं कोलेस्टेरॉल

प्रयोगशाळेत तिला सगळे ताईच म्हणत. सव्वीस वर्षं तिचं काम एकच: पेशी फोडायच्या, त्यांच्याभोवतीचं पातळ पटल वेगळं काढायचं आणि त्यात बसलेले रिसेप्टर, म्हणजे औषधाला पकडणारे रेणू, औषधाला धरतात का, ते मोजायचं. पदवी अर्धवट राहिली होती. पण ताईच्या हातचा नमुना बिघडला, असं कधी कुणी म्हटलं नव्हतं.

नवे प्रमुख आले आणि महिन्याभरात तेही म्हणून झालं.

पटल अधिक स्वच्छ मिळावं म्हणून त्यांनी धुण्याचं नवं द्रावण आणलं होतं. त्यानं धुतल्यावर रिसेप्टर मोजले तर तेवढेच भरत, पण औषधाला ढुंकून विचारत नसत. तीनदा असंच झालं.

"नमुना गार ठेवायला बर्फ कमी पडला असणार. निष्काळजीपणा, दुसरं काय!" प्रमुखांनी एक कागद पुढे केला. "तसा शेरा लिहिलाय. सही करा."

"नाही करणार."

"ताई, वय झालं की हात थरथरतात."

"हात ठणठणीत आहेत, सर. तुमचं द्रावण पटलातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतंय."

प्रमुख हसले. "रिसेप्टर प्रथिनाचा असतो. त्याला चरबीचं काय पडलंय?"

ताईनं कागद तसाच परत सरकवला.

घरी तिचा नवरा, पेशानं सुतार, म्हणाला, "निवृत्तीला दोन वर्षं तर राहिलीत. कर सही आणि सुट एकदाची."

"आणि दोन वर्षं मान खाली घालून जाऊ? अरे, रिसेप्टर त्या स्निग्ध थरात रुतून बसलेला असतो. आजूबाजूचे रेणू त्याला सावरून धरतात. ते काढले की त्याचा आकार किंचित बदलतो, आणि औषध जिथं बसायचं ती खाचच बिघडते."

"चौकट हलली की कडी लागत नाही, तसं?"

"बरंचसं तसंच."

"मग भांड जाऊन!"

ताई भांडली नाही. तिनं धुतलेल्या पटलाचे दोन भाग केले आणि एकात कोलेस्टेरॉल परत घातलं. त्या भागातले रिसेप्टर औषधाला जवळजवळ पूर्वीसारखे धरू लागले. दुसरा भाग ढिम्म.

"औषध चरबीलाच चिकटलं असेल," प्रमुख म्हणाले.

"मलाही तीच शंका आली होती." ताईनं तिसरी नळी पुढे ठेवली. "या पेशींत तो रिसेप्टरच नाही. कोलेस्टेरॉल तेवढंच घातलंय. औषध चिकटलं नाही. आकडे बघा."

प्रमुखांनी आकडे दोनदा पाहिले. "ठीक आहे. सोमवारच्या बैठकीत मी मांडतो."

"आधी शेरा खोडा. आणि मांडणार मी."

"तुम्ही? पदवीशिवाय?"

"पदवी कुठल्या नळीत घालायची ते सांगा, तीही घालून बघते."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी फिस्सकन हसलं. प्रमुखांनी शेरा खोडला, खाली सही केली. ताईनं त्याची प्रत मागून घेतली.

सोमवारी पहिली दोन वाक्यं तिनं कागदात बघून वाचली. पुढे मात्र गाडी सुटली. शेवटी एका वयस्कर शास्त्रज्ञांनी विचारलं, "कोलेस्टेरॉलच लागतं, की दुसरा कुठला स्निग्ध रेणूही चालेल?"

सगळे प्रमुखांकडे बघू लागले. प्रमुख ताईकडे.

"अजून माहीत नाही," ताई म्हणाली. "पण चार वेगवेगळे रेणू मागवलेत. आणि या वेळी कसं धुवायचं, ते मी ठरवणार."