जलद तुकडीच्या निषेधार्थ

आमच्या घरात कुठलाही निर्णय पत्रक काढल्याशिवाय होत नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, आयुष्यभर कारकून आणि कर्मचारी संघटनेचे चिटणीस. त्यामुळे मी अक्षरं शिकलो ती 'जाहीर निषेध' या मथळ्यावरून. (मला वाचता आलेला पहिला शब्द 'आई' नव्हता, 'आवाहन' होता. आईनं ते अजून माफ केलेलं नाही.) अण्णांचा नियम एकच: आरोप करायचा तर पूर्ण माहितीनिशी. ठिकाण, वेळ, तारीख, सगळं. अर्धवट पत्रक म्हणजे नुसती बोंब!

त्या उन्हाळ्यात जायकवाडी धरणानं तळ दाखवला होता. शहर मात्र आमच्या पडेगावच्या दिशेनं सुटलं होतं. आमच्या वसाहतीत नव्या इमारती आल्या, त्यांना 'गंगोत्री', 'सरोवर' अशी नावं आली. पाण्याची लाईन तेवढी यायची राहिली. टँकर यायचा. तोही आला तर.

अशात माझी धाकटी बहीण नंदू सातवीत पहिली आली, आणि तिच्या शाळेनं जलद तुकडी जाहीर केली. आठवी-नववी एकाच वर्षात, पुढच्या वर्षी थेट दहावी. फक्त हुशार मुलांसाठी!

"वर्ष वाचतंय," अण्णा म्हणाले. "जितकी लवकर शिकेल, तितकी लवकर या कोरड्या गावातून बाहेर पडेल."

"अण्णा, पोरगी आहे ती! एसटी नाही, विनाथांबा सोडायला!"

"मला जायचंय," नंदू म्हणाली.

"का?"

"असंच."

मी लगेच ओळखलं. ही नंदू बोलत नव्हती, व्यवस्था बोलत होती!

आई कोरड्या राखेनं भांडी घासत होती. "जाऊ दे की तिला. लई खोदून विचारू नको. बायकांचं असतंय काही."

"आई, याला तर्क म्हणत नाहीत."

"तर्क पिऊन तहान भागती का रे?"

शेवटी अण्णांनी घरचा रिवाज पाळला. "पत्रक काढ. मला पटलं तर अर्ज भरत नाही." आणि नंदूचा अर्ज त्यांनी चष्म्याच्या घराखाली दाबून ठेवला.

मी पेटलो. मथळा: 'बालपणाची चोरी थांबवा!' चोरी सिद्ध करायची म्हणून शाळेत जाऊन सगळी माहिती आणली. प्रवेशाची शेवटची तारीख, खिडकीची वेळ, कुठली कागदपत्रं लागतात. काही सोडलं नाही. आणि विषमतेचा कळस म्हणून सर्वांत ठळक टाइपात: 'या मूठभरांसाठी वरच्या मजल्यावर स्वतंत्र टाकी! दिवसभर पाणी!!' (दोन्ही उद्गारचिन्हं माझी. अण्णा एकावर समाधानी होते.)

वाटायला जागा शोधावी लागली नाही. टँकरच्या रांगेत सगळी वसाहत हंड्यांसह उभीच होती. शेजारच्या शेख चाचींनी पत्रक उन्हात धरून वाचलं.

"भैया, दिनभर पानी? सच्ची?"

"तोच तर अन्याय आहे, चाची!"

"हौ, अन्याय तो हैच. खिडकी कित्ते बजे खुलती?"

मागून शिंदे काकू ओरडल्या, "मला बी एक दे रं! आमची पोरगी काय लई हुशार नाय, पण टाकी आहे म्हंतोस तर हुईल की!"

"काकू, हे विरोधात आहे!"

"असू दे. छान लिव्हलंय."

दुसऱ्या दिवशी शाळेसमोर टँकरला लाजवील अशी रांग होती. प्रत्येकाच्या हातात माझं पत्रक, कागदपत्रांच्या नावांवर बरोबरच्या खुणा! मुख्याध्यापकांनी माझे दोन्ही हात धरले. "आमच्या जाहिरातीला कुणी फिरकलं नव्हतं हो! एवढं तपशीलवार आम्हालासुद्धा जमलं नसतं." दुपारच्या आत तुकडी भरली. माझ्या पत्रकानं उलट तुकडीच पटलेले अण्णा चष्मा आणि अर्ज घेऊन धावत पोचले तेव्हा खिडकी बंद झाली होती.

मी घरी येऊन नंदूला म्हणालो, "वाचलीस! तुझं बालपण वाचलं!"

ती भिंतीकडे बघून बोलली. "दादा, खालच्या मजल्यावर मुलींच्या संडासाला कुलूप आहे. टाकायला पाणी नाय म्हणून. आम्ही सकाळी घरून पाणी न पिता जातो. दिवसभर पीत नाय. दाराजवळ 'पाणी वाचवा' असं चित्र लावलंय ना, ते माझंच आहे. पहिलं बक्षीस मिळालं त्याला."

आई म्हणाली, "होळीनंतर आजारी पडली व्हती ना ती? कळवळत व्हती. डॉक्टर म्हणाले, पोरीला पाणी पाजा. तिच्या बाकावरची सीमा तर मोठी झाली तशी शाळाच सोडून बसली घरी. तू कुठं व्हतास तवा?"

मी घरातच होतो. शेजारच्या खोलीत नद्यांच्या समन्यायी पाणीवाटपावर पत्रक लिहीत होतो.

"वरच्या मजल्यावर टाकी आहे," नंदू म्हणाली. "तूच लिहिलंस की. ठळक."

मी तसाच शाळेत गेलो. एक जागा वाढवा म्हणालो, हात जोडले. मुख्याध्यापकांनी माझंच पत्रक पुढं केलं. "तुमचं वाचूनच तर आम्ही ठरवलं, आणखी बालपणं चोरायची नाहीत." मग जरा वरमले. "खालच्या कुलपाचं म्हणाल, तर पाण्याची सोय करा. आत्ता काढतो."

जूनमध्ये नंदू साध्या आठवीत, खालच्या मजल्यावर बसली. आणि अण्णांच्या सायकलला दोन्ही बाजूंना कॅन बांधून मी रोज टँकरवरून शाळेत जाऊ लागलो. वाटेत सांडून उरेल तेवढं पाणी. पुरत नाही, मधल्या सुट्टीनंतर कुलूप पुन्हा लागतं. सीमा काही परत आलेली नाही. पण नंदू आता सकाळी घरून अर्धा तांब्या पाणी पिऊन निघते.

आपल्याकडे उपकाराची पाटी लागल्याशिवाय राहत नाही. मुख्याध्यापकांनी मुलींच्या संडासाच्या दारावर पाटी लावली: 'पाणी सौजन्य', आणि खाली माझं संपूर्ण नाव. अण्णांनी जाऊन ती वाचली, मान डोलावली. "ठिकाण बरोबर आहे. वेळ राहिली." दुसऱ्या दिवशी त्याखाली 'मधल्या सुट्टीपर्यंत' असं लिहिलेलं होतं.

इतकी पत्रकं लिहिली मी. माझ्या एकाही ओळीनं आजवर कुणाची त्या खालच्या ओळीइतकी सोय केली नव्हती. आणि ती ओळ माझी नाही. अक्षर नंदूचं आहे.